घराची उपजीविका कशी मोजावी?

(अक्कलकोट रोड एम. आय. डी. सी. लगतच्या गावांवरून एक अभ्यासपाठ)

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळच्या वेळी थोडा वेळ उभे राहिल्यास एक गोष्ट सहज दृष्टीस पडते. कुंभारी, वळसंग ह्या बाजूच्या गावांतून पुरुष व तरुण मुले सायकलींवर, मोटारसायकलींवर अगर एस. टी. ने अक्कलकोट रोड एम. आय. डी. सी. तील कारखान्यांकडे निघालेली असतात. त्याच वेळी अनेक घरांत स्त्रिया मांडीवर सूप घेऊन विड्या वळावयास बसलेल्या असतात. आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांस, पाऊस झाला असेल त्या मानाने, रब्बी ज्वारीचे रान उभे असते.

ह्या गावांतील कुटुंब कशावर जगते, असा प्रश्न केला तर कागदोपत्री निरनिराळी उत्तरे मिळतात. सातबाऱ्याचा उतारा म्हणतो, हे शेतकऱ्याचे घर. कारखान्याचे हजेरीपत्रक म्हणते, हे यंत्रमाग कामगाराचे घर. विडी कारखान्याचे पुस्तक म्हणते, हे विडी कामगार स्त्रीचे घर. वास्तविक ही तिन्ही उत्तरे एकाच घराची असू शकतात. शेतीखाते, कामगारखाते व ग्रामपंचायत ह्या तिघांनी त्या घराकडे आपापल्या खिडकीतून पाहिले, तर तिघांनाही ते अर्धेच दिसते. अर्ध्या माहितीवर योजना आखली की ती ज्याच्यासाठी आखली त्याच्या उपयोगी पडत नाही, आणि सार्वजनिक पैसा मात्र खर्च होतो. ज्या देशांत पैसा थोडा व गरजा मोठ्या आहेत तेथे ही चूक फार महाग पडते.

म्हणून गावात काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यास व स्वतःच्या घराचा विचार करणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यास उपजीविकेचे मोजमाप करता आले पाहिजे. ते कसे करावे हे ह्या पाठात सांगावयाचे आहे.

१. ह्या भागाची परिस्थिती

सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण आहे. येथील मुख्य पीक रब्बी ज्वारी. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी व फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी असा तिचा क्रम असतो. भारी काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर हे पीक येते. दाणा घरात व कडबा गोठ्यात, अशी त्याची दुहेरी उपयुक्तता आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवड झालेला मालदांडी ३५-१ हा वाण ह्या भागातील घराघरांत ठाऊक आहे.

सोलापूर शहराचा कापडधंदाही जुना आहे. येथील पहिली कापडगिरणी १८७७ च्या सुमारास चालू झाली. पुढे मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या व यंत्रमागांचे लहान कारखाने वाढले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. त्याच्या अक्कलकोट रस्त्यावरील वसाहतीत आज टॉवेल व चादरी विणणारे अनेक कारखाने आहेत. सोलापुरी चादर व सोलापुरी टॉवेल ह्या दोन्ही मालांना भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. मागावर विणणे, कांडी भरणे, टॉवेलांच्या कडा शिवणे, घड्या घालून गठ्ठे बांधणे अशी अनेक कामे ह्या धंद्यात असतात व त्यांवर शहरातील आणि गावांतील माणसे पोट भरतात.

तिसरा धंदा विड्यांचा. तो मुख्यतः स्त्रियांचा आहे. पाने, तंबाखू व दोरा घरी आणावयाचा, विड्या वळून त्या मोजून द्यावयाच्या व हजारी दराने मजुरी घ्यावयाची, अशी त्याची रीत आहे. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी रे नगर ही ३०,००० घरांची योजना तेथेच हाती घेण्यात आली व तिच्यातील १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांच्या स्वाधीन झाली. म्हणजे गावातील माणूस कामासाठी शहराकडे जातो, आणि शहरातील कामगार राहावयास गावाच्या शिवारात येतो. अशा ठिकाणी 'ग्रामीण' व 'शहरी' हे दोन रकाने पुरेसे पडत नाहीत.

२. मोजमापाची आपल्याकडील परंपरा

घराची उपजीविका मोजण्याची कल्पना परदेशातून नुकतीच आली असे कोणी समजू नये. ह्या कामाचा आरंभ महाराष्ट्रातच शंभर वर्षांपूर्वी झाला. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पुण्याजवळील पिंपळे सौदागर ह्या गावाची घरोघर पाहणी केली व ती १९१७ साली प्रसिद्ध झाली. तीत असे दिसून आले की, १७७१ साली सरासरी ४० एकरांची असलेली खातेदाराची जमीन १९१४-१५ पर्यंत सुमारे ७ एकरांवर आली होती.

परंतु त्यांच्या कामातील सर्वांत उपयुक्त गोष्ट निराळीच आहे. त्यांनी गावातील कुटुंबांचे तीन वर्ग पाडले. पहिल्या वर्गात केवळ जमिनीच्या उत्पन्नावर ज्यांचे नीट भागते अशी कुटुंबे. दुसऱ्या वर्गात जमीन व बाहेरील मजुरी ह्या दोहोंच्या आधाराने ज्यांचे भागते अशी कुटुंबे. तिसऱ्या वर्गात दोन्ही मिळूनही ज्यांचे भागत नाही अशी कुटुंबे. पिंपळे सौदागरमधील सुमारे दोनतृतीयांश कुटुंबे तिसऱ्या वर्गात आढळली. हे गाव खडकीच्या दारूगोळा कारखान्याजवळ असल्याने तेथे बाहेरील मजुरी मिळू शकत होती, तरीही ही स्थिती होती. पुढे डॉ. मॅन व श्री. एन. व्ही. कानिटकर ह्यांनी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक ह्या कोरडवाहू गावाची पाहणी केली व ती १९२१ साली प्रसिद्ध झाली. तेथील स्थिती ह्याहूनही बिकट आढळली.

हेच श्री. कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे एक आद्य प्रवर्तक ठरले, आणि सोलापूरचे कोरडवाहू शेती संशोधन केंद्र १९३३ साली सुरू झाले, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. ज्यांनी प्रथम घराचा हिशेब मांडला त्यांनाच पुढे शिवारातील ओल राखण्याचे महत्त्व पटले. मोजमाप व सुधारणा ह्यांचा संबंध असा निकटचा आहे.

प्रा. धनंजयराव गाडगीळ ह्यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत ही परंपरा पुढे चालविली. सोलापूर शहराच्या आर्थिक व सामाजिक जीवनाविषयीचा त्यांचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. देशव्यापी राष्ट्रीय नमुना पाहणीस १९५० साली प्रारंभ झाला. तिच्या आकड्यांचा आधार घेऊन प्रा. वि. म. दांडेकर व प्रा. नीलकंठ रथ ह्यांनी १९७१ साली दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९६०-६१ च्या किमतींप्रमाणे पुरेसे अन्न मिळावयास ग्रामीण भागात माणशी दरमहा १५ रुपये व शहरात २२ रुपये ५० पैसे खर्च करण्याची ऐपत हवी, असे त्यांनी मांडले. त्यानंतर लगेच १९७२ चा दुष्काळ आला. दुष्काळी कामांवर राबणाऱ्या माणसांची संख्या पाहून 'काम मागेल त्याला काम' हा विचार दृढ झाला व रोजगार हमीचा कायदा १९७७ साली महाराष्ट्राने केला.

१९९२ साली रॉबर्ट चेंबर्स व गॉर्डन कॉनवे ह्या ब्रिटिश अभ्यासकांनी 'टिकाऊ उपजीविका' ह्या कल्पनेची मांडणी केली व ती आशिया-आफ्रिकेतील अनेक देशांच्या ग्रामविकासाच्या कामात वापरली गेली. तिचा आशय आपल्या भाषेत असा सांगता येईल : जी उपजीविका संकटाचा धक्का बसल्यावर पुन्हा सावरते, आणि आज पोट भरताना उद्याचे साधन खाऊन टाकीत नाही, ती टिकाऊ.

३. नुसत्या एका आकड्याने होणारी फसगत

देशातील शेतकरी कुटुंबांची २०१८-१९ ह्या कृषिवर्षाविषयीची राष्ट्रीय पाहणी पाहावी. रोख खर्च वजा जाता कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आले. त्यात मजुरी व पगाराचे ४,०६३, पिकांचे ३,७९८, जनावरांचे १,५८२, इतर धंद्याचे ६४१ व जमीन खंडाने दिल्याचे १३४ रुपये होते. म्हणजे ज्यांना आपण शेतकरी म्हणतो त्यांच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा अधिक येत होता. ही देशाची सरासरी आहे. कारखान्यांच्या सावलीत असलेल्या गावांत मजुरीचा वाटा काय असेल, हे ज्या त्या गावी मोजूनच कळेल.

आता नमुन्यादाखल एक घर घेऊ. हे घर कल्पित आहे व त्यातील आकडे केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून घेतले आहेत. घरात पाच माणसे : नवरा, बायको, आई व दोन मुले. जमीन तीन एकर कोरडवाहू. नवरा टॉवेलच्या कारखान्यात मागावर जातो, बायको विड्या वळते, आई शेळ्या सांभाळते. घरावर ५०,००० रुपये कर्ज आहे व त्यावर दरमहा शेकडा दोन रुपये व्याज आहे. वर्षाचा हिशेब असा :

(अ) ज्वारी ९ क्विंटल, दर ३,००० प्रमाणे २७,००० रुपये, कडबा ६,००० रुपये, एकूण ३३,०००. बी, खत, नांगरट, काढणी-मळणीचा रोख खर्च १५,०००. शिल्लक १८,००० रुपये.
(आ) मागाची मजुरी ९ महिने, दरमहा १०,००० प्रमाणे ९०,०००. जाण्यायेण्याचा खर्च ९,०००. शिल्लक ८१,००० रुपये. उरलेले तीन महिने काम मिळाले नाही.
(इ) विड्यांची मजुरी २२० दिवस, रोज १५० प्रमाणे ३३,००० रुपये.
(ई) शेळ्यांची विक्री १२,०००. औषध व चारा ३,०००. शिल्लक ९,००० रुपये.

एकूण शिल्लक १,४१,००० रुपये. त्यातून व्याजाचे १२,००० वजा जाता १,२९,००० रुपये राहिले. पाच माणसे व बारा महिने ह्यांनी भागल्यास दरमहा माणशी २,१५० रुपये पडतात.

हेच घर मार्च महिन्यात पाहणाऱ्याने पाहिले आणि 'गेल्या महिन्यात किती पैसा आला?' एवढेच विचारले, तर काय होईल? मागाचे १०,०००, वीस दिवसांच्या विड्यांचे ३,००० आणि चार क्विंटल ज्वारी विकल्याचे १२,००० मिळून २५,००० रुपये, म्हणजे माणशी ५,००० रुपये अशी नोंद होईल. माग बंद असलेल्या महिन्यात विचारले, तर अठरा दिवसांच्या विड्यांचे २,७०० रुपये, म्हणजे माणशी ५४० रुपये अशी नोंद होईल. घर तेच, माणसे तीच, विचारणाराही प्रामाणिक. परंतु एका कागदावर ते सुखवस्तू ठरले व दुसऱ्यावर उपाशी. दोन्ही कागद चुकीचे आहेत.

ह्याच घराविषयी आणखी एक प्रश्न विचारावा. मागाची मजुरी सर्वस्वी बंद झाली तर काय राहील? १,२९,००० मधून ८१,००० गेल्यास ४८,००० राहतात, म्हणजे दरमहा माणशी ८०० रुपये. सुताचे भाव चढले, मालाला मागणी नसली, तर कारखान्याच्या पाळ्या कमी होतात हे ह्या भागात सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा हे घर आज डॉ. मॅन ह्यांच्या दुसऱ्या वर्गात बसत असले तरी एका धक्क्याने तिसऱ्या वर्गात जाऊ शकते. वार्षिक सरासरीइतकीच ही गोष्टही नोंदविणे आवश्यक आहे.

४. उत्पन्नाबरोबर साठाही मोजावा

विहिरीतून आज किती पाणी काढले एवढ्यावरून विहीर कळत नाही. तिच्यात झरा किती आहे हेही पाहावे लागते. उत्पन्न हे काढलेले पाणी होय. घरची साधने हा झरा होय. वरील घराने एखाद्या वर्षी ३०,००० रुपयांस गाय विकली, तर जमेची बाजू वाढलेली दिसेल. पण पुढील वर्षीचे दूध, शेण व वासरू गेले. असा पैसा उत्पन्नात धरू नये, साठ्यातील घट म्हणून वेगळा लिहावा. साधनांची नोंद पुढील पाच सदरांखाली करावी.

जमीन व पाणी : जमिनीचे क्षेत्र व प्रत, बांधांची स्थिती, विहीर किंवा बोअरची खोली आणि ती कोणत्या महिन्यापर्यंत पाणी देते. दोन वर्षांच्या नोंदींत बोअर अधिक खोल गेली व पाण्याचे महिने कमी झाले, तर पीक चांगले आले असले तरी ती शेती टिकाऊ नव्हे.

वस्तू व जनावरे : घर, अवजारे, शिवणयंत्र, दुभते जनावर, शेळ्या, कडब्याची गंजी, साठविलेले धान्य.

पैसा व देणे : बचत गटातील शिल्लक, बँकेचे व सोसायटीचे कर्ज, सावकाराचे देणे, कारखान्यातून घेतलेली उचल. उचलीची नोंद विसरू नये. ती फिटेपर्यंत कामगाराला अधिक मजुरी देणाऱ्या ठिकाणी जाणे कठीण होते.

शरीर व कसब : कामकरी माणसे किती, त्यांचे शिक्षण व कसब काय, आजार कोणते. मागाच्या आवाजाने ऐकू कमी येणे, तंबाखूच्या धुळीने खोकला जडणे ह्या गोष्टीही उपजीविकेच्या हिशेबात येतात, कारण शरीर हेच तेथे भांडवल असते. कामाच्या जागेतील धोकाही विचारावा. १८ मे २०२५ रोजी ह्याच औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्यास आग लागून आठ जणांचा मृत्यू झाला. असा धोका मजुरीच्या आकड्यात कोठेही दिसत नाही.

आधाराची माणसे : भाऊबंद, बचत गट, सहकारी संस्था, कामगार संघटना. अडचणीच्या वेळी घर प्रथम कोणाकडे जाते, ह्या एका प्रश्नाने पुष्कळ कळते.

उत्पन्नावाचून दिसणारी गरिबीही असते. नीती आयोगाने २०२१ साली बहुआयामी दारिद्र्याचा जो निर्देशांक प्रसिद्ध केला, त्यात आरोग्य, शिक्षण व राहणीमान ह्या तीन अंगांची बारा लक्षणे घेतली आहेत. पोषण, मुलांची शाळेतील हजेरी, पिण्याचे पाणी, स्वयंपाकाचे जळण, वीज, घर, बँकेतील खाते ही त्यांपैकी काही होत. ही लक्षणे डोळ्यांनी पाहता येतात व विचारावयासही सोपी असतात. आपल्या तक्त्यात त्यांस जागा द्यावी.

५. चौकशी कशी करावी

(१) प्रथम गावाचा फेरा घालावा. वाड्या, वस्त्या व नव्या वसाहती धरून सर्व घरांची यादी करावी. मग यादीतील दर दहावे घर घ्यावे. सरपंच दाखवितील ती घरे घेऊ नयेत. चेंबर्स ह्यांनी पाहणी करणाऱ्यांच्या एका जुन्या खोडीकडे लक्ष वेधले आहे : पाहणारा डांबरी रस्त्यालगतच्या घरांत जातो व पावसाळ्यात आडबाजूस फिरकत नाही. अक्कलकोट रस्त्यालगतचे दुकानदाराचे घर व आतल्या वस्तीवरील मजुराचे घर ह्यांत फार अंतर असते, हे विसरू नये.

(२) यादीतील घर बंद आढळले तर शेजारचे घर घेऊ नये, पुन्हा जावे. दिवसा बंद असणारी घरे बहुधा कामगारांचीच असतात. ती वगळल्यास पाहणीतून कारखान्याची मजुरीच गळून जाते. संध्याकाळी अगर साप्ताहिक सुटीच्या दिवशी जावे.

(३) वर्षातून निदान तीन वेळा जावे : पेरणीपूर्वी जून-जुलैत, पेरणीनंतर नोव्हेंबरात व काढणी झाल्यावर मार्च-एप्रिलमध्ये. पुढील वर्षी त्याच महिन्यांत, त्याच घरी, तेच प्रश्न विचारावेत. प्रश्न बदलल्यास तुलना होत नाही.

(४) आठवण किती काळची विचारावी हे वस्तूवर अवलंबून असते. भाजी, दूध, अंडी ह्यांचा खर्च गेल्या सात दिवसांचा विचारावा. धान्य, डाळ, तिखटमीठ, भाडे ह्यांचा तीस दिवसांचा. कपडे, भांडी, शाळेचा व दवाखान्यात राहून घेतलेल्या उपचारांचा वर्षाचा. राष्ट्रीय पाहणीतही साधारण हीच पद्धत आहे. माणूस उत्पन्न सांगावयास कचरतो, खर्च मात्र बऱ्याच मोकळेपणाने सांगतो. म्हणून दोन्ही विचारावेत व पडताळून पाहावेत. खर्च उत्पन्नाहून बराच अधिक दिसला, तर कर्ज, विक्री किंवा न सांगितलेली मिळकत ह्यांपैकी काहीतरी सुटले आहे असे समजावे.

(५) स्त्रियांस स्वतंत्रपणे विचारावे. विड्यांचा हिशेब जी वळते तिलाच ठाऊक असतो. किती विड्या दिल्या, किती नापास ठरल्या, पाने कमी पडल्याने पदरची किती घातली, हे पुरुषास सहसा सांगता येत नाही. पाणी भरणे, चारा आणणे, मुले सांभाळणे ह्या कामांना किती तास लागतात हेही लिहावे. त्यांचे पैसे मिळत नाहीत, परंतु नवी योजना सुचविताना तेच तास कमी पडतात.

(६) घरात बोलली जाणारी भाषा पाहावी. ह्या भागात मराठीबरोबर कन्नड व तेलुगू बोलणारी पुष्कळ कुटुंबे आहेत. भाषा येत नसल्यास बचत गटातील एखाद्या भगिनीस बरोबर न्यावे.

(७) घरी खाल्लेले धान्यही बाजारभावाने जमेस धरावे. ते न धरल्यास स्वतःची ज्वारी खाणारे घर उगाच गरीब दिसते. विकत घेऊन खाणाऱ्याशी त्याची तुलना करता येत नाही.

(८) कर्जाविषयी सर्वांत शेवटी व एकान्तात विचारावे. तक्त्यावर नाव न लिहिता क्रमांक लिहावा, नावांची यादी वेगळी ठेवावी. पाहणीचा हेतू स्पष्ट सांगावा. 'ह्या माहितीमुळे शिधापत्रिका जाईल' अशी भीती लोकांस वाटली की खरे आकडे मिळत नाहीत. तसेच 'ह्यामुळे मदत मिळेल' असे आश्वासनही देऊ नये. खोटी भीती व खोटी आशा ह्या दोहोंनी मोजमाप बिघडते. शिवाय दुसऱ्या खेपेस दार उघडत नाही.

६. मोजमापावरून योजना

मोजून झालेले तक्ते कपाटात ठेवावयाचे नसतात. डॉ. मॅन ह्यांच्या रीतीने कुटुंबांचे तीन वर्ग पाडावेत व प्रत्येक वर्गाचा निराळा विचार करावा.

पहिल्या वर्गास, म्हणजे शेतीवर भागणाऱ्या कुटुंबांस, उत्पन्नाइतकीच पाण्याची चिंता सांगावी. त्यांचा नफा बोअरच्या वाढत्या खोलीतून येत असेल, तर ठिबक सिंचन, पीकबदल व पाणलोटाची कामे ह्यांकडे त्यांस वळवावे.

दुसरा वर्ग म्हणजे शेत व कारखाना ह्या दोहोंवर चालणारी घरे. येथे शेती कार्यकर्त्याची खरी कसोटी लागते. अशा घरी कांद्याची किंवा भाजीपाल्याची शिफारस केली जाते. एकरी नफा कागदावर चांगला दिसतो. परंतु लागवड, खुरपणी व काढणीस हात हवेत, आणि हात तर मागावर व विड्यांवर आहेत. मजूर लावल्यास नफा मजुरीत जातो. मागावर खाडा केल्यास तेथील काम जाते. ह्या घरास थोड्या हातांत होणारी सुधारणा सुचवावी : पावसाळ्यात ओल धरण्यासाठी बंदिस्त वाफे, बांधांची दुरुस्ती, वेळेवर पेरणी, शुद्ध बियाणे, कडब्याची नीट साठवण. मिळकतीतील थोडा भाग गटात शिल्लक टाकून माग बंद पडण्याच्या महिन्यांची तरतूद करावी. उचल व जबर व्याजाचे देणे प्रथम फेडावे. वरील नमुन्यातील घरास वर्षाला द्यावे लागणारे १२,००० रुपयांचे व्याज हे त्याच्या तीन एकरांतील निव्वळ उत्पन्नाच्या दोनतृतीयांश आहे.

तिसऱ्या वर्गास कर्ज काढून करावयाची सुधारणा सुचवू नये. पीक बुडाल्यास ते घर आणखी खाली जाते. त्यांस प्रथम कामाची व धान्याची शाश्वती, आजारात उपचार व मुलांची शाळा ह्या गोष्टी मिळवून द्याव्यात. कामगार म्हणून व शेतमजूर म्हणून त्यांचे जे हक्क आहेत, त्यांची नोंदणी झाली आहे काय हे पाहावे. त्यानंतर शेळ्या-कोंबड्यांसारखे थोड्या भांडवलाचे साधन द्यावे.

गावाचा एकत्रित तक्ता ग्रामसभेपुढे, नावे न घेता, वाचून दाखवावा. किती घरे कोणत्या वर्गात, गेल्या वर्षीपेक्षा किती वर आली, किती खाली गेली, हे गावास कळले पाहिजे. ज्यांनी माहिती दिली त्यांचाच तिच्यावर पहिला हक्क आहे.

७. समारोप

डॉ. मॅन ह्यांनी पाहिलेले पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगराचा भाग झाले असून तेथे उंच इमारती उभ्या आहेत. शेत जाऊन शहर आले. परंतु त्या स्थित्यंतरात कोणती घरे तरली व कोणती बुडाली, हे सांगावयास दर काही वर्षांनी केलेली घरोघरची नोंद लागते. अक्कलकोट रस्त्यावरील गावांत ते स्थित्यंतर आज घडत आहे. नोंद करावयाची वेळ हीच आहे.

ह्या कामास मोठी यंत्रे लागत नाहीत. एक वही, ठरावीक प्रश्न व वर्षातून तीन फेऱ्या पुरतात. शेतकरी बंधुभगिनींनीही अशी वही आपल्या घरी ठेवावी. येत्या काढणीपासून तिला आरंभ करावा.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील पैसा वर्षभरात किती वाटांनी येतो? त्यांपैकी सर्वांत मोठी वाट बंद पडल्यास किती महिने भागेल?
२. गेल्या वर्षी जमेस आलेल्या रकमांपैकी कोणती रक्कम वास्तविक साधन विकून आली?
३. आपल्या गावात सुचविलेल्या एखाद्या योजनेस कोणाचे व किती तासांचे श्रम लागतील? ते तास कोणाजवळ आहेत?
४. आपली विहीर किंवा बोअर पाच वर्षांपूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत पाणी देत होती, आणि आज कोणत्या महिन्यापर्यंत देते?